कानात सूर ऐका, पण बीपीची गोळी सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रेनवेव्ह म्हणजे मेंदूच्या लहरींचे सूर ऐकून बीपी उतरतं हा मेसेज सध्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि सकाळच्या कट्ट्यावर जोरात फिरतोय, म्हणून मुद्दाम लिहितोय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तो वाचला, मोबाईलवर कसलंसं अ‍ॅप घेतलं, हेडफोन लावून रोज डोळे मिटून बसायला लागले आणि कोणाला न सांगता गोळी बंद केली. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. सुनेने सहज म्हणून डायनिंग टेबलवरच्या मशीनचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला तर आकडा १७८/१०२!! बीपीचं हेच वाईट, वाढलं तरी माणूस आपला मजेत चहा पीत बसलेला असतो.

मुळात या मेसेजमागची ब्रेनवेव्ह थेरपी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट मला ती फार आवडली. डोक्याला सेन्सर लावतात, मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूच्या लहरी कॉम्प्युटर टिपतो आणि लगेच त्यांचेच सूर करून कानात ऐकवतो, म्हणजे मेंदू स्वतःचाच आवाज ऐकून तोल सावरतो अशी कल्पना. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट या वैद्यकीय केंद्राच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे मांडलं, वरचं बीपी सरासरी १५२ वरून १३६ आणि खालचं ९७ वरून ८१ वर आलं. पण पेशंट किती? फक्त १०! आणि तुलनेला दुसरा ग्रुपच नव्हता. रोज कोणी आरामखुर्चीत शांत बसवलं, परत परत बीपी मोजलं तर नुसत्या त्यानेही आकडा थोडा उतरतो, मग सुरांमुळे किती आणि विश्रांतीमुळे किती हे कळणार कसं?

शिवाय मोबाईलवरची ती घूं घूं आधीच रेकॉर्ड केलेली असते, तिला तुमच्या मेंदूत काय चाललंय ते कसं कळणार, त्यामुळे तिला त्या अभ्यासाचे आकडे चिकटवणं म्हणजे सरळ सरळ फसवणूक आहे. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारतं, आणि अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी जनऔषधी केंद्रात किती स्वस्त मिळते!

तुमच्या आरोग्य पुरवणीत अशा बातम्या जरूर द्या, फक्त पेशंट किती होते आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, या दोन गोष्टी ठळक टाइपात छापा, आमच्या कट्ट्यावर पेपर शब्दन् शब्द वाचला जातो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे