गाडी चालवतं कोण, हे आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर हल्ली विजेवरची गाडी आणि आपोआप चालणारी गाडी या दोन गोष्टी एकाच दावणीला बांधलेल्या दिसतात. बॅटरी केवढी, सनरूफ केवढं आणि 'अडास लेव्हल टू' (चालकाला गाडी चालवताना मदत करणारी यंत्रणा) आहे की नाही, हे सगळं एका ओळीत. माझी सगळी नोकरी चाकणला, गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात झाली, त्यामुळे हा घोळ जरा जास्तच खटकतो.

विजेचं बघा. टाटांनी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आणली, ती पेट्रोल-डिझेलसाठी बनलेल्या सांगाड्यातच बॅटरी बसवून. आमच्यातल्या काही जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली होती. पण मध्यमवर्गाला झेपेल अशी विजेची गाडी लवकर रस्त्यावर आली ती त्याच तडजोडीमुळे. महिंद्रांनी तर 2010 मध्येच विजेच्या गाड्या बनवणारी बंगळूरची रेवा ताब्यात घेतली होती, तरी बाजार टाटांनी मारला. मग 2024 च्या अखेरीस महिंद्रांनी बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आणल्या. सांगाडा खास विजेसाठी आखलेला, जुळणी आपल्या चाकणची, बॅटरीतले सेल मात्र चीनच्या बीवायडीचे. मारुती बराच काळ सीएनजी आणि हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्या) धरून बसली. तिची ई-विटारा 2025 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतून बाहेर पडायला लागली. तिची भागीदार टोयोटा 1997 च्या प्रियसपासून हायब्रिडवर पोसलेली, तिला आजही सगळं विजेवर लावायचं नाही. उलट बीवायडी मुळात बॅटरी बनवणारी कंपनी, तिने मार्च 2022 मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंदच केल्या. व्होल्वोने 2030 पर्यंत फक्त विजेच्या गाड्या विकू असं जाहीर केलं होतं, 2024 मध्ये तो शब्द मागे घेतला. यात कोणाचा अंदाज चुकला तर भागधारकांचे पैसे जातील, फार तर आपल्या गाडीला पुढे कमी भाव येईल.

आपोआप चालण्याच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. तिथे कंपन्यांमधला खरा फरक कॅमेरे किती, यापेक्षा अपघात झाला तर उत्तर कोण देणार, यात आहे. टेस्लाने 2021 पासून अमेरिकेत रडार काढून टाकायला सुरुवात केली आणि सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर ठेवली. पूर्णपणे स्वतः चालण्यासाठी लागणारी सगळी यंत्रसामग्री आमच्या गाड्यांत आहे, असं ही कंपनी 2016 पासून सांगत होती. 2024 मध्ये मात्र तिच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या सोयीच्या नावापुढे 'देखरेखीखाली' असा शब्द चिकटला. म्हणजे नजर तुमची आणि जबाबदारीही तुमचीच. मर्सिडीजने जर्मनीत 2022 मध्ये याच्या उलटं केलं. ठरावीक महामार्गांवर, ताशी 60 किलोमीटरपर्यंतच्या रखडत्या वाहतुकीत गाडी स्वतः चालेल. पण तेवढ्या मर्यादेत यंत्रणेच्या चुकीची जबाबदारी आमची, असं कंपनी म्हणाली. दावा छोटा, पण अंगावर घेतलेला. मला हा जास्त प्रामाणिक वाटतो. गूगलच्या घरातली वेमो तर गाडी कोणाला विकतच नाही. कॅमेरा, रडार, लिडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) असं सगळं लावून स्वतःच्या टॅक्स्या चालवते, त्यामुळे अंग झटकायला तिला जागाच नाही. जनरल मोटर्सच्या क्रूझने तेच करायला घेतलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई क्रूझच्या गाडीसमोर पडली आणि त्या गाडीने तिला फरफटत नेलं. पुढच्या वर्षाअखेरीस कंपनीने टॅक्सीचा तो उद्योगच गुंडाळला.

आपल्याकडच्या बाजारात जे मिळतं ते लेव्हल टू. गाडी पट्ट्यात राहायला मदत करते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, गरज पडली तर ब्रेक दाबते. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि जबाबदारी शंभर टक्के चालकाची. आणि शोरूममध्ये काय सांगतात? भाच्याबरोबर गाडी बघायला गेलो होतो. कंपनीचं नाव नको, पण तिथला मुलगा म्हणाला, "काका, एक्स्प्रेसवेला लागलात की निवांत बसा, ही आपली आपण जाते." धडकली तर, असं विचारलं. "तसं होतच नाही काका." माहितीपुस्तिकेत मात्र चालकाने कायम लक्ष ठेवावं असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं, इंग्रजीत.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मागून न्यूट्रलवर सोडलेला ट्रक येत असतो, कडेने उलट दिशेने दुचाकी येत असते, आणि पट्टे एका पावसाळ्यात पुसले जातात. पट्टा दिसत नसेल तर ही यंत्रणा मदत सोडून देते. तेवढ्या क्षणी चालक मोबाइलमध्ये असला की संपलं. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी पूर्वीच म्हणाले आहेत. ठीक आहे. पण चालक असून नसल्यासारखा बसलेली गाडी आपल्या रस्त्यावर आजच धावते आहे, तिचं काय?

वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर आतली माणसं कितपत सुरक्षित राहतात ते सांगतात. मदत करणारी यंत्रणा कुठे हात टेकते, तेही मराठीत, ठळक अक्षरांत ग्राहकाच्या हाती पडलं पाहिजे. तोवर आपल्या परीक्षणकर्त्यांनी गाडी लोणावळ्याच्या गुळगुळीत रस्त्याबरोबरच भर पावसात नवले पुलाच्या उतारावरही न्यावी आणि यंत्रणेने कुठे साथ सोडली ते छापावं. "आपली आपण जाते" हे लेखी द्याल का, असं विक्रेत्याला विचारून त्याचं उत्तरही शेजारीच छापावं.

आपला,
एक वाचक, चिंचवड, पुणे