केशवराव भोसले नाट्यगृह रोज उघडे असावे

महोदय,

राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून उभारलेले आणि १९१५ मध्ये खुले झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत जळाले. त्या वेळी तग धरून राहिलेल्या दगडी भिंती जपायलाच हव्यात. परंतु नाट्यगृह पुन्हा उभे करताना एवढ्यावर थांबू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करणारी हौशी मंडळी नोकरी सांभाळून, रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात बाके भिंतीला सरकवून तालमी करतात आणि पूर्ण नेपथ्य अनेकदा थेट प्रयोगाच्या दिवशीच पाहतात. त्यांना या वास्तूत नाममात्र भाड्याने तालमीची जागा मिळावी, दिवसा शाहिरी, नाट्यसंगीत आणि बालनाट्याचे वर्ग चालावेत. संगीत नाटकाचा वारसा सांगणाऱ्या या शहराला हे मुळीच अवघड नाही. व्यवस्थापनात स्थानिक कलावंत व रंगमंच कामगारांनाही स्थान द्यावे आणि अग्निसुरक्षा तपासणीचा अहवाल दरवर्षी प्रवेशद्वाराशी लावावा.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर