बाबा, नवा कीबोर्ड घेऊ नका अजून

ती. आई आणि बाबांना नमस्कार,

फोनवर हे सगळं सांगत बसलं की निम्मं राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात की कॉपीचं कंट्रोल सी चालंना, बोटं ऐकंनात आता, मामाला सांगून टाकतो हिशोब दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून. ते ऐकल्यापासून डोक्यातून जाईना माझ्या. आयुष्यभर वह्या लिहिल्यात तुम्ही, मिलच्या काळापासून, आणि आता चाटी गल्लीतल्या दुकानाची टॉवेल-चादरींची बिलं एकहाती सांभाळताय, ते एका कंट्रोलच्या बटणापायी सोडायचं? तुमची बोटं ठीक आहेत. तुम्ही सांगितलेली एकेक गोष्ट मी माझ्या मशीनवर मुद्दाम करून बघितली आणि तस्संच झालं माझ्याकडेही, म्हणजे हे वयाचं काही नाही. तेव्हा तो कीबोर्डवाला दुकानदार काहीही म्हणू दे, कीबोर्ड बदलायची घाई करू नका, कारण निम्म्या तक्रारी नव्या कीबोर्डवरही जशाच्या तशा राहणारेत.

आधी ते प्रिंटचं सांगते. तुम्ही म्हणालात ना, नुसता पी दाबला तर प्रिंटची खिडकी उघडते आणि एस दाबला की सेव्ह विचारतो. म्हणजे कॉम्प्युटरला वाटतंय की कंट्रोल दाबलेलाच आहे. त्याची बहुतेक वेळा दोनच कारणं असतात, एक तर बटण खरंच खाली अडकलंय, नाहीतर स्टिकी कीज चालू झालंय. स्टिकी कीज म्हणजे काय, तर ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी केलेली सोय, विंडोज ९५ पासून आतच येते ती. चालू असली की कंट्रोल दाबून सोडून द्यायचा आणि मग सी दाबायचा, दोन्ही मिळून एकच धरलं जातं. पण कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबला तर तो लॉक होऊन बसतो, परत एकदा दाबेपर्यंत सुटत नाही, आणि मग प्रत्येक अक्षराचा शॉर्टकट होतो. आणि ही सोय चालू कशी होते, तर शिफ्ट पाचदा दाबला की! एक खिडकी येऊन विचारते, चालू करू का, आणि घाईत आपल्याकडून हो दाबलं जातं.

आता तुमच्या घरातलं कोडं. कधी चालतंय कधी नाही म्हणता ना दोघंही, तर ते असं होतंय. आईला दोन बटणं एकदम जमत नाहीत (प्लास्टर काढल्यापासून डावं मनगट दुखतंय तिचं, मला सांगत नाही पण कळतं मला), म्हणून दादानं दिवाळीत येऊन तिच्यासाठी स्टिकी कीज चालू करून दिलं होतं. तिची भजनं त्याच्यावर छान टाइप होत होती. मग बाबा दुपारी बसतात आणि सवयीप्रमाणे कंट्रोल आणि सी एकदम दाबतात. आणि विंडोजमध्ये असं ठेवलंय की दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज आपोआप बंद, म्हणजे संध्याकाळी आई बसली की तिचं चालंना. मग ती शिफ्ट पाचदा दाबून परत चालू करते, आणि दुसऱ्या दिवशी बाबांचा कंट्रोल दोनदा दाबला गेला की तो लॉक. कुणाचंच चुकत नाहीये यात, एका सेटिंगवर दोन माणसं बसलीत एवढंच.

त्यामुळे माझं म्हणणं, दोघांचं अकाउंट वेगवेगळं करायचं. सेटिंग्ज उघडा, अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, तिथं आईच्या नावानं एक नवीन बनवायचं. स्टिकी कीज वगैरे सेटिंग ज्याच्या-त्याच्या अकाउंटपुरतं राहतं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आईच्या अकाउंटमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जाऊन स्टिकी कीज चालू, आणि त्याच्या आतच दोन बटणं एकदम दाबल्यावर बंद करा असा जो पर्याय आहे तो काढून टाकायचा. बाबांच्या अकाउंटमध्ये स्टिकी कीज बंद आणि शिफ्ट पाचदा दाबण्याचा शॉर्टकटही बंद. तिथंच खाली फिल्टर कीज दिसेल, ते तर बाबा आत्ताच्या आत्ता बघा चालू आहे का, कारण मला त्याचाच जास्त संशय आहे. उजवा शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवला की फिल्टर कीज विचारतं, आणि तुम्ही बिलबुकाचं पान उलटताना उजवा हात कीबोर्डवर तसाच टेकवून ठेवता हे मी लहानपणापासून बघतेय, वहीवरही तसाच टेकवायचात. फिल्टर कीज चालू झालं की पटकन दाबलेली बटणं कॉम्प्युटर मोजतच नाही, बराच वेळ दाबून धरलं तरच घेतो. तुमचा हात तर टॅलीवर, त्या हिशोबाच्या प्रोग्रामवर, झरझर चालतो, त्यामुळे तुम्हाला वाटणार बटणं मेलीत.

आता हे सगळं बंद करूनही त्रास राहिला तर कुठं अडतंय ते शोधायचं. पहिल्यांदा नोटपॅड उघडून दोन शब्द लिहा आणि तिथं कंट्रोल सी, कंट्रोल व्ही करून बघा. तिथं चाललं आणि टॅलीत किंवा एक्सेलमध्ये नाही चाललं तर कीबोर्डचा काही संबंध नाही, त्या प्रोग्राममध्ये बघायचं. नोटपॅडमध्येही नाही चाललं तर डाव्याऐवजी उजवा कंट्रोल वापरून बघा. कीबोर्डवर दोन कंट्रोल असतात हे कुणी लक्षातच घेत नाही, आणि उजव्यानं चालतंय, डाव्यानं नाही एवढं कळलं तरी निम्मं काम झालं, डावं बटणच खराब आहे. तिसरी गोष्ट, विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ तिन्ही एकदम दाबा, स्क्रीनवर एक कीबोर्ड उघडेल (उघडला नाही तर स्टार्टमध्ये ओएसके लिहा). त्यात तुम्ही खरं बटण दाबलं की तेच बटण स्क्रीनवर उजळतं. हात लावलेला नसताना कंट्रोल उजळलेला दिसला आणि स्टिकी कीज बंद असेल, तर बटण आत अडकलंय.

आणि अडकणारच हो, आपल्या साखर पेठेत खाली माग चालतायत, खिडकी उघडी ठेवली की सुताचे बारीक तंतू येऊन बसतात टेबलावर, आई रोज पुसते पण कीबोर्डच्या आत कोण पुसणार. गेल्या वेळी आले तेव्हा स्पेसबारच्या कडेनं पांढरी लव दिसत होती मला. कॉम्प्युटर बंद करा, कीबोर्डची वायर काढा, उलटा धरून हलके थापट्या मारा, मग रंगकामाचा नवा कोरडा ब्रश घेऊन फटींमधून फिरवा, कोपऱ्यातल्या बटणांना जास्त. पाणी नको, ओलं फडकं पण नको. परत लावताना मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, पुढचं पोर्ट पेनड्राइव्ह घालून घालून सैल झालंय. आणि हो, मामाच्या दुकानातला जुना जांभळ्या गोल पिनचा कीबोर्ड आहे ना, तो कॉम्प्युटर चालू असताना काढायचा-घालायचा नसतो, हे मामालाही सांगा.

टॅलीचं वेगळंच आहे. एफ ८ नं विक्रीचं व्हाउचर उघडायला पाहिजे, एफ ५ नं पेमेंट, एफ ६ नं रिसीट, हे तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे, पण तुमच्याकडं एफ ८ दाबलं की आवाज वाढतोय म्हणालात. कीबोर्ड मल्टिमीडियाचा आहे, त्यावर एफची बटणं दोन कामं करतात. खाली एफएन लिहिलेलं बटण असेल, ते धरून एस्केप दाबा, बऱ्याच कीबोर्डवर तेवढ्यानं परत जुनं काम सुरू होतं. नाही झालं तर एफएन धरूनच एफ ८ दाबत चला तोवर, मी आल्यावर बघते.

लेजरचं नाव टाकता टाकता मधेच देवनागरी यायला लागतं तेही ह्यातलंच. आईसाठी मराठी कीबोर्ड घातलाय, आणि डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबले गेले की भाषा बदलते. उजव्या कोपऱ्यात खाली बघा कुठली भाषा आहे ते, आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबला की परत इंग्रजी. अकाउंट वेगळी झाली की तुमच्याकडून मराठी काढूनच टाकू, हा त्रासच संपेल.

आणि लाइट बिलाचा स्क्रीनशॉट निघेना म्हणत होतात, त्यात भाच्यानं घातलेलं ते स्क्रीनशॉटचं ॲप मधे येतंय असं वाटतं मला. जो प्रोग्राम आधी सुरू होऊन शॉर्टकट अडवतो त्याचाच तो होतो, एसटीत रुमाल टाकल्यासारखं, दुसऱ्यानं मागितला तरी विंडोज देत नाही. ते ॲप बंद करा आणि प्रिंट स्क्रीन दाबून बघा, किंवा विंडोज, शिफ्ट, एस.

आई, तुझ्यासाठी एक खास. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही ही सगळी बटणं डाव्या हाताखाली येतात आणि तुझा तोच हात दुखतोय. पण कॉपी-पेस्टची जुनी बटणं अजून चालतात, कंट्रोल आणि इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट आणि इन्सर्ट म्हणजे पेस्ट. कंट्रोल, शिफ्ट दोन्ही उजवीकडचे घे म्हणजे डाव्या मनगटाला विश्रांती. स्टिकी कीज चालू असेल तर एका मागून एक दाबलंस तरी चालेल. भजनी मंडळाची वही पूर्ण टाइप व्हायला पाहिजे, बाकीच्या काकू वाट बघतायत म्हणालीस ना, मग मनगट दुखतंय म्हणून ती अर्धी ठेवू नकोस, पण दुखत असताना रेटूही नकोस, आणि डॉक्टरांकडं एकदा परत दाखवून ये.

मी शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय, रात्रीपर्यंत पोचेन. तोवर फिल्टर कीज बघून ठेवा आणि ब्रशनं साफ करून ठेवा. अकाउंट बनवायचं मी आल्यावर दोघांना समोर बसवूनच करू, म्हणजे पासवर्ड तुमचे तुम्हाला लक्षात राहतील असे ठेवता येतील. आणि बाबा, मामाला हिशोबाचं काही बोलला नसाल अजून, तर बोलू नका.

तुमची लेक