तिशीच्या आतलं बीपी आणि 'टेन्शन'चं निदान

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पंचविशीतल्या मुलीचं बीपी 170/110 निघालं की निदान तयारच असतं: टेन्शन. परीक्षेचं, नोकरीचं, नाहीतर सासरचं. मलाही हेच ऐकवलं गेलं. गोळ्या वाढत गेल्या, बीपी हललं नाही, आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून धमनीतला आवाज ऐकायचं कुणाला सुचलं नाही.

आजार मूत्रपिंडाच्या धमनीत होता. नाव अवघड आहे, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया. यात धमनीत चरबी साचत नाही, सूजही नसते. भिंतीतल्या पेशीच वेड्यावाकड्या वाढतात आणि अँजिओग्राफीत धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं बीपीच उतरलंय. ते बीपी चढवणारं रेनिन रक्तात सोडतं आणि बीपी आणखी चढतं. रुग्णांत दहापैकी आठ-नऊ बायका असतात. अरुंद झालेली जागा फुग्याने रुंद करता येते, स्टेंट सहसा लागत नाही. गोळ्या सगळ्यांच्याच सुटतात असं नाही. माझ्या कमी झाल्या, सुटल्या नाहीत.

आजार दुर्मीळ आहे, हे उत्तर मला माहीत आहे. पण भारतात तरुण मुलींची हीच धमनी ताकायासू या सुजेच्या आजारानेही आखडते, आणि त्याचा उपचार अगदी वेगळा. शोधायला निघालं तर दोन्ही सापडतात.

शोधणार कोण? असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी तिशीनंतर सुरू होते. त्याआधी बाईचं बीपी नेमाने मोजलं जातं ते गरोदरपणातच. तिथे पहिल्या वीस आठवड्यांत ते चढलेलं दिसलं, तर दुखणं बहुधा आधीचंच असतं. बाळंतपण आटोपलं की तो आकडा कार्डावरच राहतो.

म्हणून एक परिपत्रक काढा. तिशीच्या आत बीपी वाढलेलं किंवा तीन औषधांनाही न जुमानणारं असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झालाच पाहिजे. डॉपलर संशयास्पद आला, किंवा साधा येऊनही शंका उरली, तर सीटी अँजिओग्राफी. नागपुरात मेडिकल, सुपर आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे. गडचिरोलीची मुलगी इथवर येते. तिच्या चिठ्ठीवर काय तपासायचं तेवढं लिहिलेलं असावं. (मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालयं तुमच्याकडे. ही वाटणी रुग्णाला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. परिपत्रक दोन्ही खात्यांनी मिळून काढावं.)

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असालच. उत्तर तिथे दिलंत तरी चालेल.

आपली,
एक रुग्ण
महाल, नागपूर