वजनाचा आकडा मोठ्याने पुकारू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी धाकटी बहीण दोन वर्षं दवाखान्याची पायरी चढली नव्हती. शेवटची गेली तेव्हा बाहेर बाकांवर वीसेक माणसं बसलेली, आणि काट्याजवळच्या बाईंनी तिचं वजन मोठ्याने पुकारलं, "ब्याण्णव!" कुणीतरी हसलं. आत गेल्यावर "जेवण झालं की उजव्या कुशीत दुखतं," एवढं तिने म्हणायच्या आत डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा, मग बघू." पोटाला हातसुद्धा लावला नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री ती कळांनी गडाबडा लोळायला लागली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सूजही होती. तातडीने ऑपरेशन करावं लागलं. जाड माणसांना हे खडे होण्याची शक्यता जास्त असते, हे मलाही माहीत आहे. मग तिला तर आधी तपासायला हवं होतं ना?

"तिच्या भल्यासाठीच बोलतो" असं घरीदारी सगळेच म्हणतात. टोमण्यांनी तिचं काय झालं ते मी पाहिलंय. चारचौघांत अर्धी पोळी खायची आणि रात्री दिवा न लावता फरसाणाचा डबा उघडायची. मैदानावर चालायला जायची, तिथे पोरं "भूकंप आला" म्हणून ओरडली, तेव्हापासून तेही बंद. अमेरिकेत हजारो लोकांची चार वर्षं पाहणी करून २०१३ साली संशोधकांनी दाखवलं, की सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून कमी लेखलं गेलं, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. २०१५ च्या अभ्यासात अशा लोकांचा मृत्यूचा धोका जवळपास ६० टक्के जास्त आढळला, तोही वजनाचा हिशेब वेगळा काढून. अपमानाने शरीरात ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं, तेही मोजलं गेलंय.

टाके काढायला निघालो तेव्हा तिने मला विचारलं, "ताई, तिथे काटा कुठे ठेवलाय गं?" म्हणून हे पत्र.

डॉक्टरमंडळींना हात जोडून सांगणं आहे, की काटा आडोशाला ठेवा आणि आकडा कागदावर लिहून द्या. वजनाचं जरूर बोला, पण दुखतं कुठे ते आधी ऐकून घ्या. आणि बीपीचा मोठा पट्टा ठेवा. बहिणीच्या दंडावरचा पट्टा फर्रकन सुटला, तेव्हा तो हाताने दाबून धरून बीपी मोजलं. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सुमारे २० ने जास्त दिसतो, हे २०२३ च्या एका चाचणीत दिसलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या साधारण चारांतल्या एका बाईचं वजन जास्त आहे. तेव्हा हा पट्टा रोजच लागेल.

आपली,
एक वाचक, कराड