चिपिंग कॅम्पडनच्या 'आर्किटेक्चर वॉक'बद्दल तक्रार, तिघांचे पैसे परत हवेत

नमस्कार,

आई-बाबांना घेऊन तुमच्या इंग्लंडच्या ग्रुप टूरला आत्ताच जाऊन आलो. बुकिंग बाबांच्या नावावर आहे पण मेल मी करतोय, कारण ते म्हणतात जाऊ दे आणि मला जाऊ द्यायचं नाहीये. हॉटेलं, जेवण, बस, सगळं ठीक. तक्रार एकाच गोष्टीची आहे, चिपिंग कॅम्पडन गावात 'जुन्या दगडी कॉटेजेसचा आर्किटेक्चर वॉक' म्हणून माणशी ४,५०० रुपये जादा घेतलेत ना, त्याची.

आधी आयटिनररीतला फोटो बघा. खाली चिपिंग कॅम्पडन लिहिलंय आणि फोटो आहे बायबरीच्या आर्लिंग्टन रोचा! ते गावच वेगळं आहे. ती घरांची रांग १३८०च्या सुमाराला मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली आणि सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. आमच्या ग्रुपमधल्या काकू-मावश्या कॅम्पडनच्या हाय स्ट्रीटवर तीच घरं शोधत फिरत होत्या आणि तुमचे टूर मॅनेजर सांगतायत "पुढच्या गल्लीत असतील".

आणि वॉक कसला, बसमधून उतरवलं, टॉयलेट दाखवलं, फजचं दुकान दाखवलं, अर्ध्या तासात परत या. त्यात पाऊस आला म्हणून सगळे मार्केट हॉलच्या कमानींखाली जाऊन उभे राहिलो, तर तेव्हा तरी सांगायचं ना की हा हॉल १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्सने बांधला तो लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पावसापाण्यात आडोसा म्हणूनच. त्याच माणसाने १६१२ मध्ये गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेली दगडी घरं चर्चच्या रस्त्यावर आहेत, तिकडे नेलंच नाही. विल्यम ग्रेव्हल या लोकरीच्या व्यापाऱ्याचं चौदाव्या शतकातलं घर तर हाय स्ट्रीटवरच आहे, तेही नाही.

जे सांगितलं ते चुकीचं. म्हणे "हा आपल्या सह्याद्रीसारखाच दगड". अहो आपला बसॉल्ट म्हणजे लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा चुनखडीचा दगड साधारण १७ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साठून झालेला, जवळून बघितलं तर खसखशीसारखे गोल दाणे दिसतात. मधासारखा तो पिवळा रंग दगडातल्या लोहामुळे येतो, रंगवलेलं काही नाही.

बाबा रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी विचारलं छपरं एवढी उभी का, तर उत्तर "बर्फ पडतो ना सर". तिथली जुनी छपरं कौलांची नाहीत हो, त्याच भागातल्या चुनखडीच्या पातळ फरश्या आहेत, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत जाणाऱ्या. ओबडधोबड असल्यामुळे त्या एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, उतार कमी ठेवला तर पाणी आत शिरणार, म्हणून छप्पर उभं आणि वजन पेलायला खाली ओकचे जाड वासे. खिडक्यांवर दगडाची पुढे आलेली पट्टी असते तीही पाणी खिडकीवर न ओघळता बाजूला जावं म्हणून. हे सगळं बाबांनीच मग बसमध्ये शेजारच्या सीटवाल्यांना सांगितलं, म्हणजे वॉकचे पैसे खरं तर त्यांना द्यायला पाहिजेत.

हे ज्याला ठाऊक आहे असा लोकल गाइड मिळेल असं तुमच्याच पानावर छापलंय. तो गाइड काही आला नाही, का नाही आला ते टूर मॅनेजरना पण माहीत नव्हतं.

तर तिघांचे १३,५०० रुपये बुकिंगच्या खात्यावर परत करा, आणि तो फोटो काढा, पुढच्या बॅचचे लोक पण तीच घरं शोधत बसतील. वॉकचे कूपन आणि आयटिनररीचं पान सोबत जोडलंय. पुढच्या टूरवर डिस्काउंट देतो वगैरे नको, कॅशच हवी. उत्तर मेलवरच द्या, फोनवर तुम्ही होल्डला ठेवता.

– तुमचा एक वैतागलेला ग्राहक