शेतीची मागणी किती वाजताची?

मा. संपादक,
स. न.

जगाची ऊर्जा २१०० पर्यंत कोळशावरून कशी उतरवायची, हे संगणकावरच्या मॉडेलच्या आधारे सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकांनी कष्ट घेतले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेतीपंपांना त्यात एकच ओळ, आणि तीही वर्षाला लागणाऱ्या एकूण विजेची. ती वाचल्यापासून डोके तापले आहे.

आमच्या शिवारात पंपाला लागणारी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तीन वर्षांपूर्वी मार्चात धाकटा भाऊ रात्री दीडला लाईट आली म्हणून उसाच्या खोडव्याला पाणी पाजायला गेला. स्टार्टर दाबला, दारं धरायला वाकला, तर सरीत घोणस. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरे. मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवले, मागे चुलते धरून बसले आणि आम्ही कोल्हापूर गाठले. जीव वाचला, पायाची दोन बोटे गेली. तेच पाणी दिवसा पाजले असते तर युनिट तेवढेच पडले असते, म्हणजे त्या वार्षिक बेरजेत काडीचा फरक नाही.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने समजावले की जगाची अशी मॉडेले वर्षाचे मोजकेच तुकडे पाडतात, ऋतू, दिवस, रात्र असे, आणि त्यातून सर्वांत कमी खर्चाची वाट शोधतात. व्हिएन्नाजवळच्या संस्थेचे 'मेसेज' हे मॉडेल त्यातलेच. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२२ च्या अहवालात अशा हजारावर वाटा तपासल्या आहेत. मग रात्रीची मागणी दिवसावर आणली तर काय होईल, हे लेखात का नाही? सौर विजेचा खर्च २०१० ते २०२० या दहा वर्षांत सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, आणि ऊन दिवसाच असते. रात्री दिवे लावायचे तर ती वीज साठवावी लागते. पंपाला ती भानगड नाही, दुपारी पाजलेले पाणी रानात मुरते. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती दिवसा वीज मिळावी म्हणूनच. तिचा साधा उल्लेखही नाही.

आणखी एक. भारताचे २०३० चे बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर वीज क्षमतेचे उद्दिष्ट आपण ५०० मेगावॅट छापले आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ५०० गिगावॅट सांगितले होते, म्हणजे आपल्या आकड्याच्या हजारपट. स्पर्धा परीक्षेची पोरे आपला अंक कापून ठेवतात, तेव्हा दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी.

लेखाचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात येणार आहे असे खाली लिहिले आहे. त्यात शेतीची मागणी किती वाजताची, तेही लेखकांनी लिहावे. सोमवारपासून आमची पाळी रात्रीची आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. करवीर, जि. कोल्हापूर